टापर्ट, डेरिक आणि ऐकून घेणारा चेहरा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात 'डेरिक' या जर्मन पोलीसमालिकेवर आणि तिच्यात चोवीस वर्षं मुख्य भूमिका करणाऱ्या होर्स्ट टापर्टवर एक छोटं टिपण छापलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : १९८०च्या दशकात दूरदर्शनवर 'ओल्ड फॉक्स' नावाची जर्मन मालिका लागायची. त्यातला तो बेरकी म्हातारा अधिकारी म्हणजेच टापर्ट का? (नाशिक)

नाही. तो झीगफ्रीड लोवित्स. सगळ्यात जास्त पत्रांत हीच गल्लत दिसली, आणि ती होण्यासारखीच आहे. दोन्ही मालिका त्सेट-डे-एफ या एकाच जर्मन वाहिनीच्या. दोन्हींचा निर्माता हेल्मुट रिंगेलमान, दोन्हींचं शहर म्युनिक, दोन्हींत कोट घातलेला, वयस्क तपास अधिकारी. जर्मनीत तर शुक्रवारी रात्री सव्वाआठला या मालिका आलटूनपालटून लागत.

'ओल्ड फॉक्स'चं मूळ नाव 'डेर आल्टे'. शब्दशः 'म्हातारा', पण कचेरीत साहेबाच्या माघारी त्याला ज्या सुरात 'म्हातारा' म्हणतात तो हा शब्द. मालिका ११ एप्रिल १९७७ला सुरू झाली. पहिल्या १०० भागांत लोवित्स कोमिसार (गुन्हे पोलिसांतला तपास अधिकारी) क्योस्टर होता. शंभराव्या भागात क्योस्टर गोळी लागून मरतो, आणि १९८६पासून रोल्फ शिंफ हा नट नव्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत येतो. त्यानंतरही नट बदलत गेले, मालिका मात्र थांबली नाही.

दोघांना ओळखायची खूण सोपी आहे. क्योस्टर नियम वाकवतो, वरिष्ठांशी भांडतो, संशयिताला गोड बोलून सापळ्यात ओढतो. डेरिक उंच, चष्मेवाला, डोळ्यांखाली जड पिशव्या असलेला. तो सापळे फारसे लावत नाही. समोर उभा राहतो आणि थांबतो. बरोबर तरुण, नीटनेटका सहकारी असेल तर तो हॅरी क्लाइन आणि मालिका 'डेरिक'.

लोवित्सही पोलिसी भूमिकांत आधीच मुरलेला होता. एडगर वॉलेस या इंग्रज रहस्यकथाकाराच्या कादंबऱ्यांवर जर्मनीत १९५९पासून चित्रपटांची मोठी रांग निघाली. त्यातल्या पहिल्याच चित्रपटात इन्स्पेक्टर एल्क तोच होता.

प्रश्न : टापर्ट नाट्यशाळेत शिकला होता का? सुरुवात कुठून झाली? (पुणे)

सुरुवात हिशेबाच्या वहीपासून झाली. जन्म २६ मे १९२३, एल्बरफेल्ड या गावी. आज ते वुपरटाल शहराचा भाग आहे. वडील सरकारी नोकर. शाळेनंतर त्याने व्यापारी कामाची उमेदवारी केली, मग युद्ध आणि युद्धकैद. १९४५मध्ये श्टेंडाल या छोट्या शहरातल्या नाट्यगृहात हिशेबनीसाच्या जागेसाठी तो गेला आणि नट म्हणून रंगमंचावर उभा राहिला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

पुढची अकरा वर्षं गावोगावच्या नाट्यगृहांत गेली : क्योथेन, ग्योटिंगेन, कासेल, बॉन, वुपरटाल. १९५६मध्ये म्युनिकच्या काम्मरश्पीले या नामवंत नाट्यसंस्थेत त्याला जागा मिळाली आणि १९६७पर्यंत तो तिथे राहिला. पहिल्या प्रवेशापासून मोजलं तर वीस वर्षांहून अधिक काळ रंगभूमी हाच त्याचा धंदा होता. दूरचित्रवाणीवरचा चेहरा म्हणून त्याला ओळखणाऱ्यांना हे माहीत नसतं.

जर्मन नगरनाट्यगृहाची पद्धत इथे समजून घ्यायला हवी. नाट्यगृह शहराच्या किंवा राज्याच्या पैशावर चालतं. नटांचा कायम संच असतो, त्यांना महिन्याचा पगार मिळतो, करार हंगामाचा असतो. एकाच हंगामात चारपाच नाटकं फिरती चालू राहतात. आज शोकांतिकेत मंत्री, उद्या प्रहसनात डॉक्टर, परवा तीन वाक्यांचा नोकर. अशा ठिकाणी नट दोन गोष्टी शिकतो : पाठांतर पक्कं ठेवणं, आणि आपलं वाक्य नसताना रंगमंचावर काय करायचं. टापर्टच्या पुढच्या सगळ्या कामाचं भांडवल ही दुसरी गोष्ट आहे.

प्रश्न : टापर्टला प्रसिद्धी चोराच्या भूमिकेने मिळाली असं वाचलं. खरं आहे? (कोल्हापूर)

अगदी खरं. ८ ऑगस्ट १९६३ला इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायरात ग्लासगोहून लंडनला जाणारी टपालगाडी लुटली गेली. सुमारे २६ लाख पौंड गेले. या दरोड्यावर जर्मन दूरचित्रवाणीने तीन भागांचा चित्रपट केला. तो १९६६च्या फेब्रुवारीत दाखवला गेला. पात्रांची नावं बदलली होती. टोळीचा म्होरक्या मेजर डोनेगन म्हणजे टापर्ट.

टापर्टने या डोनेगनला गुंड केलं नाही. तो बेत आखणारा, शिस्तीचा, कोट नीट घातलेला माणूस आहे. घड्याळाकडे बघतो, आवाज चढवत नाही, साथीदार गडबडला की त्याच्याकडे नुसता पाहतो. आठ वर्षांनी आलेला डेरिक याच लाकडातून कोरलेला आहे, फक्त कायद्याच्या दुसऱ्या बाजूला. निर्मात्यांनाही हे दिसलं असणार, कारण लगेच पोलिसी भूमिका येऊ लागल्या. १९६८ आणि १९६९मध्ये वॉलेस मालिकेतल्या दोन चित्रपटांत तो स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर पर्किन्स झाला. त्याआधी १९६८मध्येच याच मालिकेत त्याने कारस्थानी माणूसही रंगवला होता. १९७०मध्ये 'पेराक' या चित्रपटात तो हॅम्बुर्गचा पोलीस अधिकारी होता. या तिन्ही पोलिसी चित्रपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड फोरर. पुढे त्यानेच 'डेरिक'चे बरेच भाग केले. १९७०च्या आसपास टापर्टने काही स्वस्तातले भयपटही केले. ते तुम्ही सोडून दिलेत तरी चालेल.

प्रश्न : २८१ भाग आणि सगळ्यांचा लेखक एकच? हे कसं शक्य आहे? आणि नंतरचे भाग इतके सारखे का वाटतात? (सोलापूर)

लेखक खरोखरच एक : हेर्बेर्ट रायनेकर. पहिला भाग २० ऑक्टोबर १९७४ला दाखवला गेला, शेवटचा १६ ऑक्टोबर १९९८ला. २८१ भागांना चोवीस वर्षांनी भागलं तर वर्षाला साधारण बारा, म्हणजे महिन्याला एक पटकथा. 'डेरिक'च्या आधीची 'डेर कोमिसार' ही ९७ भागांची मालिकाही त्यानेच लिहिली होती. दोन्ही मिळून ३७८ तपासकथा. त्याचा जन्म १९१४चा, म्हणजे 'डेरिक' संपली तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता.

हे जमलं ते साच्यामुळे. भाग साधारण एक तासाचा. ठरलेली माणसं दोनच, डेरिक आणि हॅरी. त्यांच्या घरच्या गोष्टी जवळपास नाहीत. त्यामुळे मागच्या भागातलं काही पुढे ओढावं लागत नाही. प्रत्येक वेळी नवं घर, नवं कुटुंब, नवा गुन्हा. चित्रीकरण म्युनिक आणि आसपास. म्हणून भाग कुठल्याही क्रमाने दाखवता येत, आणि परदेशी वाहिन्यांना विकायला हे सोयीचं होतं. मालिका शंभरहून अधिक देशांत गेली. इटली, फ्रान्स, नॉर्वे इथे तर ती घरोघरी माहीत होती.

सुरुवातीच्या भागांत एक वेगळी रीत होती. गुन्हेगार प्रेक्षकाला आधीच दिसायचा आणि पाहायचं ते इतकंच की डेरिक त्याच्यापर्यंत कसा पोहोचतो. जर्मन प्रेक्षकाला 'खुनी कोण' हे कोडं हवं होतं. त्याला ही रीत रुचली नाही. मग मालिका हळूहळू नेहमीच्या वळणावर आली. आमच्या मते नुकसानच झालं, कारण खुनी आधीच ठाऊक असला की सगळं लक्ष दोन चेहऱ्यांवर राहतं, आणि टापर्टला खेळायला तेच मैदान हवं होतं. पहिला भाग 'वाल्डवेग', म्हणजे रानवाट. मुलींच्या वसतिगृहशाळेतला शिक्षक खुनी आहे हे आपल्याला माहीत असतं. वोल्फगांग कीलिंग या कसलेल्या नटाने तो शिक्षक केला आहे. डेरिकचा त्याच्यावर संशय आहे, हातात पुरावा नाही. अख्खा भाग त्या दोघांमधल्या ताणावर चालतो.

आता सारखेपणा. नव्वदच्या दशकातले चार भाग ओळीने पाहिलेत तर दोष स्वच्छ दिसतात. श्रीमंत वस्तीतला बंगला, भरकटलेला मुलगा, अमली पदार्थ, रात्रीचा क्लब, गप्प बसलेली आई. पात्रं वेगळी असली तरी बोलतात सगळी रायनेकरच्याच आवाजात : छोटी वाक्यं, त्यांची पुनरुक्ती, आणि मध्येच अपराध, सूड, समाज यांवर चिंतन. डेरिकच्या तोंडी प्रवचनं येऊ लागतात. ठसे, प्रयोगशाळा, कागदपत्रं असं प्रत्यक्ष पोलिसी काम सुरुवातीलाही कमीच होतं, पुढे ते जवळपास नाहीसं होतं. तपास म्हणजे एका दिवाणखान्यातून दुसऱ्या दिवाणखान्यात जाणं. लेखक एकच असल्यामुळे मालिकेला एक सूर मिळाला, आणि त्याच कारणाने तो सूर शेवटी एकसुरी झाला.

एक नोंद. रायनेकरने नाझी काळात हिटलर युवा संघटनेच्या मासिकांत आणि पुढे वाफेन-एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाचा युद्धवार्ताहर म्हणून काम केलं होतं. अपराध आणि पश्चात्ताप या विषयाभोवती त्याची लेखणी सतत का फिरत राहिली, असा प्रश्न जर्मन समीक्षकांना पडत आला आहे तो यामुळे.

प्रश्न : स्पष्ट विचारतो. टापर्ट अभिनय करतो कुठे? तो तर नुसता उभा असतो. (ठाणे)

प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर जरा लांब देतो.

एक ठरीव प्रसंग घ्या. बंगल्याचं दार उघडतं. डेरिक आत येतो, पण खोलीच्या मधोमध जात नाही. दारापासून दोनतीन पावलांवर थांबतो. हात कोटाच्या खिशात. घरातला माणूस 'बसा' म्हणतो, डेरिक उभाच राहतो. माणूस बोलू लागतो, ग्लासात पेय ओततो, पाठ वळवतो. कॅमेरा या वेळी बोलणाऱ्यावर टिकत नाही, डेरिकवर येतो. टापर्टची मान किंचित कललेली, पापण्या अर्ध्या, ओठ मिटलेले. बोलणारा थांबतो. इथे दुसरा कुठलाही नट लगेच पुढचा प्रश्न विचारेल. टापर्ट विचारत नाही. दोनतीन सेकंद जातात. शांतता असह्य होऊन समोरचा माणूस आणखी एक वाक्य बोलतो, आणि जे सांगायचं नव्हतं ते नेमकं त्याच वाक्यात असतं. मग डेरिक त्याच्याच वाक्यातला शेवटचा शब्द उचलून हळूच, प्रश्नासारखा परत ठेवतो.

हे जमण्यासाठी नटाला खरोखर ऐकावं लागतं. पाठ केलेलं वाक्य समोरून येतंय हे माहीत असूनही ते पहिल्यांदाच कानावर पडल्यासारखं घ्यावं लागतं. ढोंग केलं तर जवळच्या चित्रात डोळे लगेच चुगली करतात. एक प्रयोग करून पाहा. चौकशीचा कुठलाही प्रसंग लावा, आवाज बंद करा, आणि फक्त टापर्टकडे बघा. संशयिताच्या कुठल्या शब्दावर संशय पक्का झाला तो क्षण तुम्हाला जर्मन न कळताही दाखवता येईल. बहुतेक वेळा चष्म्यामागची नजर त्या माणसावरून हलून क्षणभर खाली जाते आणि परत येते. तेवढंच.

दुसरं, आलेले पाहुणे नट. लिली पाल्मर, मारिया शेल यांच्यासारखी मोठी नावं एकेका भागापुरती येत. रडणं, कोसळणं, खोटं बोलणं, सगळं त्यांच्या वाट्याला. टापर्ट त्यांना जागा देतो. चोवीस वर्षं मालिकेचा नायक असून प्रत्येक भागातला मोठा प्रसंग दुसऱ्याला देणं सोपं नाही.

तो चुकतो कुठे? धावपळीत. पाठलाग, मारामारी, पिस्तूल रोखणं यांत त्याचं शरीर अवघडतं. आणि लेखकाने लांब भाषण दिलं की ऐकणारा माणूस नाहीसा होतो, उरतो तो सांगणारा. शेवटच्या काही वर्षांत हे वारंवार होतं. इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी 'डेरिक'वर लेख लिहिला होता, त्यांचा भर या मालिकेच्या सामान्यपणावर होता. पटकथेबद्दल ते आम्हाला मान्य आहे. टापर्टच्या चेहऱ्याबद्दल नाही.

प्रश्न : 'हॅरी, गाडी काढ' हे डेरिकचं वाक्य जर्मनीत म्हणीसारखं वापरतात म्हणे. कुठल्या भागात आहे? (औरंगाबाद)

लोकांच्या तोंडी आहे ते वाक्य असं : 'हॅरी, फार शोन माल डेन वागेन फोर', म्हणजे 'हॅरी, तू जरा गाडी पुढे आण'. २८१ भागांत डेरिक हे या शब्दांत कधीच बोलत नाही. सगळ्यात जवळचं वाक्य दुसऱ्याच भागात येतं : 'हॅरी, आपल्याला गाडी लागेल, ताबडतोब'. हॅरी क्लाइन हे पात्र मुळात 'डेर कोमिसार'मधलं, आणि गाडी आणायची कामं त्याला तिथूनच लागली होती.

प्रश्न : डेरिकचा हुद्दा 'ओबरइन्स्पेक्टर' होता. तो भारतीय पोलिसांत कशाच्या बरोबरीचा? (नागपूर)

थेट बरोबरी लावू नका, फसाल. जर्मनीत पोलीस खातं राज्यांचं असतं. डेरिक बायर्न राज्याच्या म्युनिक पोलिसांत, खून विभागात. आजच्या जर्मन गुन्हे पोलिसांत उतरंड अशी : कोमिसार, ओबरकोमिसार, हाउप्टकोमिसार, आणि त्यावर पहिला हाउप्टकोमिसार. त्यात ओबरइन्स्पेक्टर नाहीच. ते जुनं नाव मालिकेने शेवटपर्यंत चालवलं, कारण प्रेक्षकाच्या कानाला ते बसलं होतं.

वयाचंही तसंच. पोलीस अधिकारी साठीच्या आसपास निवृत्त होतो. टापर्ट १९७४मध्ये एक्कावन्न वर्षांचा होता, १९९८मध्ये पंचाहत्तर. पडद्यावर याची वाच्यता होत नाही. शेवटच्या भागातही डेरिक निवृत्त होत नाही. युरोपीय पातळीवरच्या पोलीस यंत्रणेत वरच्या जागी जाण्यासाठी तो म्युनिक सोडतो.

प्रश्न : २०१३मध्ये टापर्टबद्दल काहीतरी उघड झालं आणि मालिका बंद झाली. नेमकं काय झालं? (मुंबई, सांगली, बडोदे)

मालिका १९९८मध्येच संपलेली होती. बंद झालं ते पुनःप्रक्षेपण. टापर्टचा मृत्यू १३ डिसेंबर २००८ला म्युनिकजवळ प्लानेग इथे झाला. २०१३च्या एप्रिलमध्ये यॉर्ग बेकर या समाजशास्त्रज्ञाच्या शोधातून कागद बाहेर आले. बेकर वेगळ्याच व्यक्तीच्या चरित्रावर काम करत होता. जुन्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या बर्लिनच्या कचेरीकडे त्याने विचारणा केली, तेव्हा उत्तर आलं की टापर्ट वाफेन-एसएसमध्ये होता. १९४३मध्ये तो 'टोटेनकोप्फ' या रणगाडा डिव्हिजनमध्ये सैनिक म्हणून नोंदलेला होता. त्या वेळी वय एकोणीस-वीस. ही साधी फौजेतली तुकडी नव्हे. ती छळछावण्यांच्या पहारेकऱ्यांमधून उभी राहिली होती, आणि तिच्या नावावर युद्धगुन्हे आहेत.

टापर्टने ही गोष्ट हयातभर लोकांपुढे कधी मांडली नव्हती. त्सेट-डे-एफने मालिका यापुढे पुन्हा न दाखवण्याचं जाहीर केलं. नेदरलँड्समधल्या एका वाहिनीने ठरलेलं प्रक्षेपण रद्द केलं. बायर्नच्या गृहखात्याने पूर्वी दिलेला मानद पोलीस अधिकाऱ्याचा किताब काढून घेतला.

कागद काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे वेगळं ठेवायला हवं. तो त्या तुकडीत होता हे सिद्ध आहे. तो आपखुशीने गेला की त्याला भरती करून घेतलं, हे त्यांवरून ठरत नाही. त्याने स्वतः कुठला गुन्हा केल्याची नोंदही त्यांत नाही. 'विसाव्या वर्षीच्या पोराला काय कळणार' असं म्हणून विषय मिटवणारी पत्रं आमच्याकडे आली आहेत. आम्हाला ते पटत नाही. प्रश्न विसाव्या वर्षाचा नाही, नंतरच्या साठ वर्षांच्या गप्प बसण्याचा आहे. याच माणसाने पडद्यावर शेकडो वेळा लोकांना सांगितलं की जे घडलं ते बोलून टाका. म्हणून हे आता वगळून त्याच्या कारकिर्दीवर लिहिता येत नाही. मालिका पाहू नये असंही आम्ही म्हणणार नाही. पाहताना हे ठाऊक असावं.

प्रश्न : शिमान्स्की आणि डेरिक, दोघांत मोठा कोण? (डोंबिवली)

तुलना रास्त नाही. 'टाटोर्ट' या मालिकेत १९८१पासून ग्योट्झ गेओर्गने केलेला होर्स्ट शिमान्स्की डुइसबुर्गच्या पोलादी कारखान्यांच्या वस्तीतला. फौजी जॅकेट, शिव्या, मारामारी. तो डेरिकला उत्तर म्हणूनच जन्माला आल्यासारखा आहे. शरीराचा अभिनय पाहायचा असेल तर गेओर्ग, नजरेचा पाहायचा असेल तर टापर्ट.

प्रश्न : मी पुण्यात मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकते. ऐकण्याच्या सरावासाठी 'डेरिक' चालेल का? पातळी बी-वन, म्हणजे मधली आहे. (पुणे)

उत्तम चालेल, शिमान्स्कीच्या आधी हाच घ्या. टापर्टचे उच्चार रंगभूमीवरचे : शब्द सुटे, वाक्य पूर्ण, बोलीचा अडथळा नाही. रायनेकरची वाक्यंही छोटी आहेत आणि तो तीच पुन्हापुन्हा आणतो. समीक्षकाला जो दोष वाटतो तो शिकणाऱ्याच्या फायद्याचा.

पद्धत अशी ठेवा. एका वेळी अख्खा भाग घेऊ नका, पहिली दहा मिनिटं घ्या. पहिल्यांदा मजकुराच्या ओळींशिवाय (सबटायटल्स बंद ठेवून) पाहा आणि तीनच गोष्टी लिहा : कोण मेलं, कुठे, शेवटचं कुणी पाहिलं. दुसऱ्यांदा फक्त एक चौकशी निवडा, दोनअडीच मिनिटांची, आणि डेरिकचे प्रश्न शब्दशः उतरवा. तिसऱ्यांदा ते प्रश्न त्याच्याबरोबर, त्याच्याच गतीने मोठ्याने म्हणा. 'वो वारेन झी गेस्टर्न आबेंट?', म्हणजे 'काल संध्याकाळी आपण कुठे होतात?', हे जवळपास प्रत्येक भागात कुठल्या ना कुठल्या रूपात येतं. भूतकाळाचा सराव इथेच होतो.

शब्द आधी तोंडात बसवा : टाटोर्ट (गुन्ह्याची जागा), टेटर (गुन्हेगार), त्सॉइगे (साक्षीदार), मोर्ड (खून), फेरडाख्ट (संशय), गेश्टेंडनिस (कबुली). हे सहा असले की कथा हातून सुटत नाही.

'झी' आणि 'डू' यांवर खास लक्ष द्या. आपल्या 'अहो' आणि 'अरे'सारखंच. डेरिक संशयिताला, मग तो कितीही नीच असो, 'झी' म्हणतो. हॅरी आणि तो मात्र एकमेकांना 'डू' म्हणतात, आणि हॅरी साहेबाला नावाने, 'श्टेफान' अशी हाक मारतो. मराठी माणूस इथे अडखळतो, कारण आपल्या कानाला वरिष्ठाला एकेरी हाक खटकते. एखादं पात्र मध्येच 'झी'वरून 'डू'वर घसरलं तर थांबा : तिथे लपवलेलं नातं उघड होत असतं, आणि अनेकदा तपासाचा धागाही तिथेच असतो.

सगळ्यात मोठी अडचण येईल ती साक्षीदारांच्या बोलण्यात. 'तो म्हणाला की तो घरी होता' अशा वाक्यांत जर्मन क्रियापदाचं वेगळं रूप येतं, 'झाय' किंवा 'हेटे'. बोलणारा त्या विधानाची हमी घेत नाही, असा त्याचा अर्थ. आपण मराठीत 'म्हणे' लावून जे साधतो तेच. तुमच्या पातळीवर हे नुकतंच शिकवलेलं असेल किंवा लवकरच शिकवतील. इथे ते जिवंत ऐकायला मिळेल.

प्रश्न : हॅरीचं काम करणारा फ्रिट्झ वेपर नंतर दिसला का? (रत्नागिरी)

भरपूर. जन्म १९४१, म्युनिक. 'डेरिक'च्या आधीच तो १९५९च्या 'डी ब्रुके' या युद्धविरोधी चित्रपटात आणि १९७२च्या अमेरिकन 'कॅबरे'त होता. १९७४मध्ये तो 'डेर कोमिसार' सोडून 'डेरिक'मध्ये आला तेव्हा तिथली त्याची जागा सख्ख्या भावाने, एल्मार वेपरने घेतली, आणि तीही हॅरीचा भाऊ म्हणून. २००२पासून एका विनोदी मालिकेत तो ख्रिस्ती मठातल्या नन्सशी भांडणारा महापौर झाला आणि ते काम वीसेक वर्षं चाललं. २५ मार्च २०२४ला तो वारला.

टापर्टने मात्र 'डेरिक'नंतर मोजकंच केलं : एका दूरचित्रपटात कार्डिनल, आणि २००४मध्ये 'डेरिक'वर निघालेल्या व्यंगचित्रपटात स्वतःच्याच पात्राला आवाज. उरलेला वेळ नॉर्वेच्या उत्तरेकडे हामारोय इथे घर आणि मासेमारी.

प्रश्न : जर्मनीहून भाऊ येतोय. 'डेरिक'च्या डीव्हीडी मागवू का? (वसई)

मागवा, पण तीन गोष्टी आधी तपासा. जर्मन डीव्हीडीवर विभाग २ असतो, भारत विभाग ५मध्ये येतो. इथल्या साध्या प्लेअरवर तबकडी लागणार नाही. सर्व विभाग चालवणारा प्लेअर हवा. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये विभाग बदलता येतो, पण पाचच वेळा, त्यानंतर तो कायमचा अडकतो. म्हणून त्या कामाला जुना, वेगळा ड्राइव्ह ठेवा. दुसरं, वेष्टनावर 'उंटरटिटेल' हा शब्द शोधायला सांगा. तो नसेल तर खाली मजकुराच्या ओळी नाहीत, आणि जर्मन येत नसेल तर संच पडून राहील. तिसरं, भाग कालक्रमाने आहेत का ते पाहा. पैसे एकाच संचापुरते असतील तर १९७४ ते १९७७ या वर्षांचा घ्या : त्यात 'वाल्डवेग' येतो.